शिशाच्या अक्षरांची शेवटची रात्र

अध्यापन करीत असतां माझा एक हट्ट होता : वर्गांत चित्रपट दाखविणें म्हणजे शिक्षकानें आपलें काम दुसऱ्यावर ढकलणें. एका तरुण सहकाऱ्यानें एकदां पडदा मागितला, तेव्हां "फळा असतां पडदा कशाला?" असें म्हणून मीं त्यास गप्प बसविलें. त्या हट्टाचें परिमार्जन सेवानिवृत्तीनंतर झालें.

गांवच्या शाळेनें संदेशवहनाच्या साधनांवर चार व्याख्यानें देण्यास मजला बोलाविलें. टपाल झालें, तारायंत्र झालें. मग मुद्रणाकडे वळलों. मर्गेंथालर या जर्मन घड्याळजीनें अमेरिकेंत बनविलेलें लायनोटाइप यंत्र १८८६ सालीं वर्तमानपत्राच्या छापखान्यांत आलें, हें वाक्य मीं फळ्यावर लिहिलें. मुलांनीं तें मुकाट्यानें उतरून घेतलें. कोणीं कांहींच विचारलें नाहीं. जेथें प्रश्न नाहीं तेथें विषय पोंचलाच नाहीं, हें मास्तरास कोणीं सांगावें लागत नाहीं.

घरीं येऊन इंटरनेटवर माहितीपट शोधूं लागलों. पुष्कळ मिळाले, पण बहुतेकांत अमक्यानें अमुक सालीं अमुक शोध लावला, एवढीच नामावळि. ती तर माझ्या वहींतही होती! अखेर डेव्हिड लोब वाइस यांचा 'फेअरवेल, एटॉइन शर्डलू' हा चित्रपट हातीं लागला. न्यूयॉर्क टाइम्स या पत्राचा अंक शिशाच्या अक्षरांनीं शेवटचा जुळला, त्या जुलै १९७८ मधील रात्रीचें हें चित्रण. नांवाची गंमत अशी कीं, इंग्रजींत अधिकांत अधिक लागणारीं अक्षरें यंत्राच्या पहिल्या दोन उभ्या रांगांत असत. त्यांवरून बोट फिरविलें कीं हे दोन निरर्थक शब्द उमटत. ओळ चुकली म्हणजे ती टाकून देण्यासाठीं जुळारी तसें करीत.

चित्रपट अर्ध्या तासाचा. परंतु त्यांतील भरभर बोलणें माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीस पेलेना. तीन वेळां पाहिला, टिपणें केलीं, आणि वर्गांत थांबवीत थांबवीत मराठींत सांगितला. कळ दाबतांच पितळी साचे घरंगळत येतात, त्यांवर वितळलेलें शिसें दाबलें जातें आणि संबंध ओळ ऊन ऊन बाहेर पडते, हें पाहून मागच्या बांकावरचीं मुलेंही पुढें सरसावलीं. अक्षरांचा क्रम असा कां, मराठीचें यंत्र कसें असेल, असे प्रश्न सुरू झाले.

पुढें संगणक येतात. एक जुना कारागीर म्हणतो कीं, वर्षानुवर्षें मिळविलेली आपली विद्या आतां त्या यंत्रांत बंद झाली. तेथें मीं चित्र थांबविलें. पण अर्थ सांगतांना कंठ दाटून आला. खडू-फळ्याची माझी विद्या मला आठवली.

एका मुलीनें विचारलें, "सर, मग त्या आजोबांनीं काय केलें?"

"कांहींनीं निवृत्ति घेतली, कांहीं संगणक शिकले," मीं सांगितलें.

"तुम्हीं दोन्ही केलेंत," ती म्हणाली.

पालकांस व शिक्षकांस एवढेंच सांगणें : ज्यांत यंत्रामागचे हात दिसतात तो चित्रपट निवडावा, आधीं स्वतः संपूर्ण पाहावा, आणि वर्गांत थांबविण्याची जागा ठरवून ठेवावी. पडदा शिक्षकाचें काम कमी करीत नाहीं, वाढवितो. त्या सहकाऱ्यास मीं नुकतेंच पत्र लिहिलें. पडद्याची त्याची मागणी मान्य आहे, असें त्यांत कळविलें आहे.