दम लागतो तिथे

वैशाखऱ्याहून नाणेघाट चढायला घेतला की सुरुवातीला झाडीच झाडी. ऊन लागत नाही, पण वाराही हलत नाही. पुढं दगडी पायऱ्या लागतात, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. वर नानाचा अंगठा नावाचा कडा दिसत राहतो आणि जवळ काही येत नाही. छाती भरून येते, पाय नको म्हणतात, आणि नेमकं तिथंच लेणं आहे.

गेल्या खेपेला आत एक आजीबाई बसल्या होत्या. घाटघरच्या, माहेर खाली मुरबाडकडं. "टेक बाबा, हितं समदीच टेकत्यात," म्हणाल्या. त्या वाक्यानं माझं एक जुनं कोडं सुटलं. राजधानी तिकडं पैठणला असताना सातवाहनांच्या नागनिका राणीनं एवढा मोठा लेख या कड्यात का कोरवला असावा? घाटवाटा इकडं कमी नाहीत. आंबेगावात आहुपे आहे. पण कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरला चढायचा तो इथून. वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे, जीवधन किल्ला आहे, त्याला खेटून वानरलिंगीचा सुळका, पुढं जुन्नरच्या वाटेवर चावंडचा किल्ला. वर पोचलेला माणूस हे पाहत पुढं निघून जातो. दम खायला बसलेला मात्र समोरची भिंत वाचतो. मला तरी आता हेच कारण पटतं.

मागच्या भिंतीवरच्या मूर्ती गेल्या. सिमुक, सातकर्णी, खुद्द नागनिका; कोरलेली नावं तेवढी उरली. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत यज्ञांचा आणि दक्षिणेचा हिशेब आहे. एका ठिकाणी 1,700 गायी आणि 10 हत्ती. राणीनं महिना-महिना उपास केल्याचंही त्यातच आहे. मला सगळ्यात जवळचे वाटतात ते आकडे. काही ठिकाणी तर आपण चेकवर लिहितो तशी रक्कम आधी अक्षरी, मग अंकी. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांपैकी हे एक, आणि अक्षरं पार पुसट होत चाललीत. दरवर्षी पावसाळ्यानंतर मी धास्तावूनच इथं येतो.

त्या दिवशी लेखाच्या वाचनाची नक्कल वहीत होती. बोट ठेवून मी ओळ मोठ्यानं वाचली, "गावो बारस", आणि पुढं 12 चा आकडा.

आजीबाईंनी मान वर केली.

"बारस उद्या," त्या म्हणाल्या. "आज एकादस हाय. माझा उपास हाय ना."