सुटले बाई!

पाळी गेली की आमच्याकडच्या बायका "सुटले बाई!" म्हणतात. मीही म्हटले. लोणच्याच्या बरणीला हात लावू की नको, ही चिंता मिटली, हे काय थोडे झाले? पण तेवढ्यात घरची माणसे आणखी एक गोष्ट परस्पर उरकून टाकतात. बाईचे अंथरूण नातवंडांच्या खोलीत जाते. आता या वयात कशाला हवे, असे सर्वांनीच ठरवलेले असते. तिला कोणी विचारीत नाही.

खरे म्हणजे पुष्कळ जणींना मन असते. दुखते म्हणून नको वाटते. शरीरातले इस्ट्रोजेन घटले की योनीचे अस्तर पातळ व कोरडे होते. अंगातून निघणाऱ्या वाफा बहुधा काही वर्षांनी ओसरतात. हा कोरडेपणा सहसा आपणहून जात नाही. त्यावर ओलावा देणारी जेली मिळते, डॉक्टरांच्या सल्ल्याने इस्ट्रोजेनचे मलमही मिळते. (स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर ते आधी सांगावे.) चाळिशीचा चष्मा मागताना आपण कुठे पदर तोंडाला लावतो?

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढले, या विषयांवर उघड लिहिले आणि खटले सोसले. अजून आमची जीभ रेटत नाही! माझ्या एका मैत्रिणीने गुडघेदुखीचे निमित्त करून डॉक्टरीणबाईंना हे विचारले. मलम आता हळदीच्या डब्यामागे असते. तिचे यजमान मात्र दोन वर्षे समजत होते, की आपलेच काहीतरी चुकले असून बाईसाहेब रुसल्या आहेत.