शिखर नसलेला ज्वालामुखी

सातही खंडांतल्या सर्वांत उंच ज्वालामुखींवर चढून जाणाऱ्या माणसांविषयी मला अपार आदर वाटतो. कोलकात्याच्या सत्यरूप सिद्धांतने जानेवारी २०१९ मध्ये अंटार्क्टिकातला माउंट सिडली गाठून ही सप्तमाला पुरी केली. तिच्यातला सर्वांत उंच ओहोस देल सालादो. चिली आणि अर्जेंटिनाच्या सीमेवरचा, ६,८९३ मीटरचा. खाली अटाकामाचं वाळवंट, वर छातीत पुरेसा श्वास भरत नाही अशी विरळ हवा.

कोकणातल्या बोर्ली पंचतनमध्ये बसून हे वाचताना मला मात्र पायाखालची जमीन आठवत राहते. आमच्याकडे विहीर खणताना लागतो तो काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. घराला लावतो ते जांभ्याचे चिरेही त्याच कातळाचे. लाखो वर्षांच्या ऊनपावसानं कुजून तांबडा झालेला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पुराच्या पाण्यासारखा पसरला, थरावर थर. आज उरलेला त्याचा विस्तारच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे! भेगांतून वाहणाऱ्या पातळ लाव्ह्याचा शंकू होत नाही, म्हणून दाखवायला शिखर नाही, आणि शिखर नाही म्हणून आपल्याला हा ज्वालामुखी वाटतच नाही. १,६४६ मीटरचं कळसूबाई हे लाव्ह्यानं उभारलेलं टोक नव्हे. पावसापाण्यानं भोवतालचा खडक झिजवून नेल्यावर ते उरलं.

ओहोसवर चढणारा ज्वालामुखीच्या पाठीवरून जातो. रायगड चढणारा त्याच्या पोटातून जातो. कड्यावरच्या आडव्या रेघा नीट पाहिल्या तर एक लाव्हा कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला, ते डोळ्यांना दिसतं. मला हे भाग्य मोठं वाटतं. घाटावर आडवे असलेले हे थर पनवेलपासून दक्षिणेकडे किनाऱ्यालगत समुद्राच्या बाजूला कललेले आहेत.

आमच्या जवळचं हरिहरेश्वर घ्या. देवळामागच्या पायऱ्या उतरून प्रदक्षिणेच्या वाटेला लागलं, की खाऱ्या वाऱ्यानं आणि लाटांनी जाळीदार केलेला खडक समोर येतो. भाविक त्याला हात लावून पुढं जातात. शाळांच्या सहलीही येतात, फोटो काढतात, परततात. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे : ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारून मगच मुलांना खाली उतरवा, आणि तिथं त्यांना सांगा, की तुम्ही लाव्ह्यावर उभे आहात.