दोन ट्रम्पेट

हर्ब अल्पर्ट आणि टिहुआना ब्रासची 'व्हिप्ड क्रीम अँड अदर डिलाइट्स' ही तबकडी १९६५ची. त्या वर्षी अमेरिकेत ती पहिल्या क्रमांकावर होती. गायन नाहीच म्हटलं तरी चालेल, सगळी मदार पितळेवर. २००५ साली ती रीमास्टर होऊन पुन्हा निघाली. पांझरेच्या या काठाला, धुळ्याच्या देवपुरात ती ऐकताना मला वरात ऐकू येते, आणि त्याला कारण आहे. १९६२च्या पहिल्या तबकडीपासून अल्पर्ट स्वतःचाच ट्रम्पेट दोनदा वाजवून एकावर एक चढवत असे. दोन सुरांत केसभर फरक राहतो आणि आवाज रुंद होतो. आमच्याकडच्या बँडमध्ये दोन ट्रम्पेटवाले शेजारी शेजारी चालत. एकाचे पिस्टन झिजलेले, दुसऱ्याचा दम कमी. तो केसभर फरक आपोआप पडे. अल्पर्टच्या आवाजाची टेप जपलेली होती, म्हणून तो साफ करता आला. आमच्याकडचं जे हरवत चाललं आहे त्याची ही नोंद.

पारावरून मांडवापर्यंतचा आवाज. नवरदेव मारुतीच्या पारावरून निघायचा. बँड दिसण्याआधी वळणापलीकडून ढोल यायचा, मग युफोनियमचा जाड सूर. ट्रम्पेट शेवटी. जाड सूर कोपऱ्याला वळसा घालून येतात, ट्रम्पेटचा सूर तोंड असेल तिकडे सरळ जातो. त्यामुळे बँड गल्लीत वळला की तो अंगावरच यायचा. डीजेच्या गाडीपुढे खिडकीची तावदानं थरथरतात, पण जवळ येणं असं काही उरत नाही.

टाळी लागण्याचा क्षण. शेवटच्या 'सावधान'कडे ढोलवाल्याचा कान. आत अक्षता पडायच्या आणि त्याच श्वासाला बाहेर सगळा बँड सुटायचा. आता पेन ड्राइव्हवरचं गाणं कुणीतरी शोधेपर्यंत निम्मी माणसं जेवायला बसलेली असतात.

क्लॅरिनेटवरची नागीण. १९५४च्या 'नागिन'मधली बीन खरी बीन नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. बँडवाल्यांनी ती क्लॅरिनेटवर आणली आणि दातांत रुमाल धरून नाचणाऱ्यांच्या पिढ्या तिच्यावर वाढल्या. विजेच्या वाद्याचा सूर माणसाच्या फुंकरीत आला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

रवी. वरातीतलं यार की शादीवालं गाणं 'आदमी सड़क का'मधलं, १९७७चं. पाठवणीचं 'नीलकमल'मधलं, १९६८चं. दोन्ही संगीतकार रवींची, दोन्ही रफींनी गायलेली. पाठवणीला ढोल थांबायचा, क्लॅरिनेट एकटी वाजायची.

गॅसबत्त्या. त्या गेल्या ते बरं झालं. तापलेली बत्ती डोक्यावर घेऊन बायका, कधी पोरं, मध्यरात्रीपर्यंत चालत. त्या उजेडाची आठवण काढून हळहळावं असं त्यात काही नव्हतं.

कानाने उतरवलेली गाणी. चित्रपट टॉकीजला लागला की बँडमास्तर तो पुन्हा पुन्हा बघायचे, पुढे कॅसेट आली. कोणता सूर क्लॅरिनेटला, कोणता युफोनियमला, ही वाटणी त्यांच्या डोक्यात. मुंबईत हे काम कागदावर होई. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले वादक तिथे होते. अल्दोन्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या हाताखाली होता. 'रागा जॅझ स्टाइल' ही शंकर-जयकिशन यांची १९६८ची तबकडी, तिच्यात रईस खान यांच्या सतारीसोबत जॉन परेरांचा ट्रम्पेट आहे. ती आजही मिळते. आमच्या मास्तरांची वाटणी मात्र त्यांच्याबरोबरच जाते.

धुळ्याला जपणं ठाऊक नाही असं कुणी म्हणू नये. १९२६ साली इतिहाससंशोधक राजवाडे गेले, त्यांनी गोळा केलेल्या दप्तरांसाठी इथे संशोधन मंडळ उभं राहिलं. समर्थ संप्रदायाची बाडं शंकरराव देवांनी गावोगाव फिरून जमवली, ती वाग्देवता मंदिरात आहेत. बँडमधले पुष्कळजण मातंग आणि मुस्लिम घरांतले. त्यांनी वाजवलेलं दप्तरात घालण्याजोगं आहे, असं कुणाच्या मनातच आलं नाही. मला हे फार लागतं.

गणवेश. लाल कोट, सोनेरी गोंडे, मे महिन्याच्या उन्हात.

ब्रासो. तीथ मोठी असली की आदल्या दुपारी दुकानासमोर बसून पितळ घासणं चाले.

पितळ. ही वाद्यं बहुतेक मेरठच्या जली कोठीतून येतात. तिथली नादिर अली कंपनी १८८५पासूनची. खान्देशात बँडपार्टी मोडली की ट्रम्पेट आधी दुसऱ्या पार्टीला विचारतात, मग भंगारवाल्याला. भंगारवाला वजन करतो.

काही पार्ट्या अजून निघतात. ढकलगाडीवर कॅसिओ, माइकवर गायक, ट्रम्पेट एकच. दुसऱ्या माणसाची मजुरी वाचते आणि रुंदी कॅसिओ भरून काढतो, असं सांगतात. तो ती भरून काढत नाही. त्याचे सूर एकमेकांशी अगदी बरोबर जुळलेले असतात. घरात लग्न निघालं तर सुपारी देतानाच ट्रम्पेट दोन हवेत असं सांगावं, दुसऱ्याचे पैसे वेगळे द्यावेत आणि मोबाइल हातात असतोच, तर पारापासून मांडवापर्यंत तो मध्ये न थांबवता रेकॉर्डिंगवर ठेवावा.