मैदानाचं माप

लहान मुलाचं कोपर दुखत असेल तर दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढून शेजारीशेजारी बघायचे, ही आमच्याकडची पहिली शिस्त. अकरा-बारा वर्षांच्या मुलाची हाडं अजून घडत असतात. कोपराच्या आतल्या अंगाला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, तो त्या वयात मूळ हाडाला पुरता जुळलेला नसतो. मध्ये कूर्चेची पातळ पट्टी असते आणि एक्स-रेत ती काळ्या रेघेसारखी दिसते. एका कोपराची रेघ दुसऱ्यापेक्षा रुंदावलेली दिसली, की मूल कुठल्या हाताने चेंडू फेकतं हे विचारावं लागत नाही.

या दुखण्याचं नाव 'लिटल लीग एल्बो'. 1960 पासून ते वैद्यकीय लिखाणात आहे. मुलांच्या बेसबॉलसाठी म्हणून सुरू झालेल्या 'लिटल लीग' या संस्थेचं नाव मुलांच्याच हाडाच्या दुखण्याला चिकटावं, हे मला आजही लागतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षण महाराष्ट्रात झालं, गेली बावीस वर्षं न्यू जर्सीत काम करते, आणि चेंडू फेकणाऱ्या मुलांचे खांदे आणि कोपरं हा माझा विषय आहे. माझा मुलगाही सहा वर्षं गावातल्या लीगमध्ये खेळला. त्यामुळे हा खेळ मी दवाखान्यातून जितका पाहिला, तितकाच मैदानाच्या जाळीमागच्या बाकावरूनही पाहिला.

तपासायला आलेलं मूल टेबलावर बसतं. मी विचारते, "कधीपासून दुखतंय?" उत्तर वडील देतात, "सीझनच्या शेवटी थोडं जाणवलं, एवढंच." मी मुलाकडे बघून पुन्हा विचारते, तर ते वडिलांकडे बघतं. मग मी वडिलांना फॉर्म भरायला बाहेर पाठवते. दार लागलं की खरं बाहेर येतं. तीन महिने दुखतंय. सकाळी उठल्यावर हात सरळ होत नाही. पण सांगितलं तर शनिवारी पिच करायला, म्हणजे चेंडू टाकायला, मिळणार नाही. शब्द थोडेफार बदलतात, पण बावीस वर्षांत मी हेच ऐकत आले आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी एक फरक सांगायला हवा. आपला गोलंदाज धावत येतो आणि कोपर न वाकवता चेंडू टाकतो. त्याच्या शरीरावरचा भार कंबरेच्या मणक्यांवर जातो, म्हणून वेगवान गोलंदाजी करणाऱ्या पोरांच्या मणक्याला बारीक तडे जातात. बेसबॉलचा पिचर एका जागी उभा राहून, कोपर वाकवून, सगळ्या अंगाचा जोर चेंडूत ओततो. हात मागे जाऊन खांदा पूर्ण बाहेर वळतो, त्या क्षणी कोपराचा आतला सांधा उघडायला बघतो. मोठ्या माणसाचा तिथला अस्थिबंध फाटतो. 1974 साली लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरचा असाच अस्थिबंध दुसरा स्नायुबंध बसवून पुन्हा उभा केला. त्याच्याच नावाने ती शस्त्रक्रिया आज ओळखली जाते. मुलाचा अस्थिबंध मात्र कूर्चेपेक्षा चिवट असतो. तो तुटत नाही, तो हाडाचा कोवळा तुकडाच ओढून काढू लागतो.

हे सगळं ज्या लिटल लीगमध्ये घडतं, तिची सुरुवात एका अतिशय समंजस माणसाने केली होती. पेन्सिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावी कार्ल स्टॉट्झ नावाचा कारकून राहत होता. 1938 साली तो आपल्या दोन लहान भाच्यांबरोबर अंगणात चेंडू खेळत असताना मुलांसाठी खरीखुरी लीग काढायची कल्पना त्याच्या मनात आली. गणवेश हवा, अंपायर हवा, आणि मैदान मुलांच्या मापाचं हवं. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत 90 फूट अंतर असतं. स्टॉट्झने गल्लीतल्या पोरांना धावायला लावलं, फेकायला लावलं, आणि बेस पुढे-मागे सरकवत बसला. शेवटी तो 60 फुटांवर आला. आजही जगभर लिटल लीगच्या मैदानावर तेच 60 फूट आहेत. 6 जून 1939 ला पहिला सामना झाला, लंडी लंबरने लायकमिंग डेअरीला 23–8 असं हरवलं. संघ तीन, पुरस्कर्ते गावातले छोटे व्यावसायिक.

त्या माणसाने मुलांना पळवून, त्यांच्याकडे बघून माप घेतलं, हे मला फार मोठं वाटतं. कपडे शिवणारा शिंपीसुद्धा अंगाला टेप लावल्याशिवाय कात्री चालवत नाही. लिटल लीगच्या पुढच्या इतिहासात जिथे जिथे वाईट घडलं, तिथे हे माप मोठ्यांनी हलवलेलं दिसतं.

1947 पासून विल्यम्सपोर्टला अखेरचे सामने भरू लागले. पुढे त्याचंच लिटल लीग वर्ल्ड सीरिज झालं. मोठी कंपनी पाठीशी आली, पसारा देशभर वाढला. स्टॉट्झला तो मानवेना. 1955 मध्ये तो आपल्याच संस्थेविरुद्ध कोर्टात गेला आणि मग कायमचा बाहेर पडला. गावातच मुलांची छोटी लीग चालवत राहिला. 1992 मध्ये वारला.

त्याच 1955 साली दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात कॅनन स्ट्रीट वायएमसीएच्या काळ्या मुलांच्या संघाने राज्य स्पर्धेत नाव नोंदवलं. राज्यातल्या गोऱ्या मुलांच्या सगळ्या संघांनी, 61 संघांनी, स्पर्धेतून अंग काढून घेतलं. कोणीच समोर उभं न राहिल्याने ही अकरा-बारा वर्षांची मुलं राज्यविजेती ठरली. पुढच्या फेरीला मात्र त्यांना नकार मिळाला, कारण नियमाप्रमाणे मैदानावर सामना जिंकून यायला हवं होतं. त्यांना विल्यम्सपोर्टला पाहुणे म्हणून बोलावलं गेलं. गणवेश घालून ती मैदानावर उतरली, थोडा सराव केला. प्रेक्षकांतून आवाज उठला की यांना खेळू द्या. तेवढा सराव करून ती बाकावर जाऊन बसली आणि दुसऱ्यांचा सामना बघत राहिली. 61 संघांतल्या गोऱ्या मुलांना कोणी विचारलं होतं का, की तुम्हाला यांच्याशी खेळायचंय का? निर्णय घेणारी सगळी माणसं मोठी होती. 2002 मध्ये, जवळजवळ अर्धशतकाने, त्या खेळाडूंना विल्यम्सपोर्टला बोलावून राज्यविजेतेपदाचा ध्वज देण्यात आला. तोवर ते साठीकडे झुकले होते.

मुलींनाही लिटल लीगमध्ये खेळायला 1974 साली मिळालं, आणि तेही न्यू जर्सीतल्या होबोकेनच्या मारिया पेपी या मुलीचं प्रकरण नागरी हक्कांच्या सुनावणीपर्यंत गेल्यावर.

2001 मध्ये ब्राँक्सच्या संघातल्या डॅनी अल्मोंटेने वर्ल्ड सीरिजमध्ये परफेक्ट गेम टाकला, समोरच्या एकाही फलंदाजाला बेसवर पाय ठेवू दिला नाही. वय 12 सांगितलेलं होतं, पण जन्मनोंदींवरून तो 14 वर्षांचा निघाला. संघाचे विजय रद्द झाले; वडिलांवर आणि लीगच्या संस्थापकावर लिटल लीगने आजन्म बंदी घातली. दोन वर्षांनी काय फरक पडतो, असं लोक मला विचारतात. बारा ते चौदा या दोन वर्षांत मुलगा झपाट्याने वाढतो. लिटल लीगचा पिचर 46 फुटांवरून फेकतो. तिथून ताशी 70 मैलांनी आलेला चेंडू फलंदाजापर्यंत जितक्या वेळात पोहोचतो, तितक्याच वेळात व्यावसायिक मैदानावर, साडेसाठ फुटांवरून, ताशी 92 मैलांचा चेंडू पोहोचतो. समोर बॅट घेऊन उभं असलेलं मूल खरोखरच बारा वर्षांचं असतं. आपल्याकडेही क्रिकेट मंडळ मनगटाच्या एक्स-रेवरून वय पडताळतं, ते याच कारणाने. कूर्चेची जी रेघ मी कोपरात बघते, तीच तिथे मनगटात बघतात.

आता माझ्या रोजच्या कामाकडे येते. पूर्वी लिटल लीगमध्ये पिचरवर इनिंगची मर्यादा होती. पण एक इनिंग दहा फेकींत संपते आणि एक चाळीस फेकींतही संपत नाही. 2007 मध्ये फेकी मोजायचा नियम आला. 9–10 वर्षांच्या मुलाला दिवसाला 75, 11–12 वर्षांच्याला 85. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने 66 किंवा त्याहून जास्त फेकी केल्या तर चार दिवस विश्रांती. 41 किंवा त्याहून जास्त फेकी झाल्या तर त्या दिवशी कॅचर म्हणून बसायचं नाही, कारण कॅचरही प्रत्येक चेंडू परत फेकत असतो. अॅलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी अनेक वर्षं मुलांच्या मागे राहून जे पुरावे गोळा केले, ते या आकड्यांच्या पाठीशी आहेत. वर्षाला 100 इनिंगपेक्षा जास्त पिच करणाऱ्या मुलाला गंभीर दुखापत होण्याची शक्यता साडेतीन पट. हात थकलेला असताना नेहमी पिच करणाऱ्याला शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता 36 पट. छत्तीस! हा आकडा मी दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावला आहे. पालकांना भीती असते वळणाऱ्या चेंडूची, कर्व्हबॉलची, "अजून कर्व्ह शिकवलेला नाही" असं ते अभिमानाने सांगतात. प्रयोगशाळेतल्या मोजमापात कर्व्हबॉलचा ताण फास्टबॉलपेक्षा जास्त आढळला नाही. मुलांचं नुकसान जास्त फेकण्याने आणि थकलेल्या हाताने फेकण्याने होतं.

मुलाच्या संघासाठी फेकी मोजायचं काम मी चार वर्षं केलं. हातात क्लिकर, मांडीवर वही. एकदा आमचा पिचर 80 वर पोहोचला तसं मी कोचला ओरडून सांगितलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "अजून पाच आहेत ना?" मुलगा बोटं दाबत होता, मान झटकत होता. पाच होते हे खरं. मी गप्प बसले, नियमाच्या आत होतं ना सगळं. महिनाभराने तोच मुलगा माझ्या टेबलावर आला. त्या दिवशी मी आकडा सांगितला, मुलाच्या हाताकडे बघून बोलले नाही, ही माझी चूक होती.

आणि हा नियम एका लीगपुरताच चालतो. मंगळवारी गावाच्या लीगमध्ये सत्तर फेकी करणारा मुलगा शनिवार-रविवारी ट्रॅव्हल बॉलच्या संघाकडून दुसऱ्या राज्यात जाऊन पुन्हा पिच करायला उभा राहतो. तिथला कोच वेगळा, तिथली वही वेगळी. ट्रॅव्हल बॉल हा खाजगी मामला आहे. फी भरायची, निवड चाचणी द्यायची, वर्षभर खेळायचं. लिटल लीगमध्ये गावाची हद्द असते, कोच बिनपगारी असतात, आणि प्रत्येक मुलाला निदान एकदा बॅट करायला आणि सहा आउट होईपर्यंत मैदानात उभं राहायला मिळतंच, नियमच आहे तो. खाजगी संघाला असं काही बंधन नाही. तिथे पैसे देणाऱ्याला निकाल हवा असतो, आणि निकाल देणारा हात एखाद्याच मुलाचा असतो. आठव्या-नवव्या वर्षी रडार गन समोर धरली जाते, आणि मूल आकड्यासाठी फेकायला शिकतं.

या सगळ्यामागे कॉलेजची शिष्यवृत्ती असते. वरच्या दर्जाच्या कॉलेज संघाला बेसबॉलसाठी वर्षानुवर्षं 11.7 शिष्यवृत्त्याच देता येत होत्या, तेही तीसहून जास्त खेळाडूंच्या संघात. म्हणजे बहुतेकांच्या हाती तुकडाच यायचा. नियम अलीकडे बदलले, पण जागा काही वाढल्या नाहीत. हे गणित मी पालकांसमोर कागदावर मांडते.

दोन वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला एक गृहस्थ भेटले. डोंबिवलीत टेनिस बॉल क्रिकेट खेळून वाढलेले, आता मुलगा दोन संघांतून पिच करतो. म्हणाले, "ताई, हात देवाने दिलाय त्याला. वाया घालवायचा का?" मुलगा शेजारीच चकलीची ताटली घेऊन उभा होता, डाव्या हातात. फेकतो उजव्याने, हे मला माहीत होतं. मी त्याला म्हटलं, "मावशीला हात सरळ करून दाखव." झाला नाही. वडिलांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. ते निष्ठुर नव्हते, दर शनिवारी पाच वाजता उठून त्याला घेऊन जाणारे बाप होते. त्यांना कोणी बघायला शिकवलं नव्हतं.

त्या मुलाचं फेकणं सहा आठवडे पूर्ण बंद ठेवलं. खांद्याचे, पाठीचे, कंबरेचे व्यायाम सुरू केले, कारण फेक पायांतून येते आणि पाय दमले की भार कोपरावर पडतो. मग तीस फुटांवरून हळूच, एक दिवसाआड. वडिलांनी घरात दोनशे पानी वही आणली. दोन्ही संघांच्या फेकी, सरावातल्यासुद्धा, त्याच एका वहीत. थंडीचे चार महिने बेसबॉल नाही. मुलगा बास्केटबॉल खेळला आणि आमच्या मंडळाच्या लेझीम पथकातही नाचला. वसंतात काढलेल्या एक्स-रेत दोन्ही रेघा सारख्या होत्या.

ज्यांच्या घरी चेंडू फेकणारं मूल आहे, मग ते न्यू जर्सीतल्या एडिसनला असो की डोंबिवलीच्या मैदानावर, त्यांना माझी विनंती आहे. घरात अशी एक वही ठेवा, आणि मुलाला तपासायला आणाल तेव्हा ती बरोबर आणा. आणि आम्ही प्रश्न विचारला, की उत्तर मुलाला देऊ द्या.