जुना खेळ, नवा दुभाषा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने खेळण्याच्या यंत्रावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. आमच्याकडून ताळेबंद, शेअर बाजार, फार तर महागाई यांवर चार शब्दांची अपेक्षा असते. पण गेले वर्षभर एका प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला आहे आणि त्याचे उत्तर शोधताना मला भाषेविषयीही बरेच काही कळले. म्हणून हा खटाटोप.

प्रश्न विचारला माझ्या मामेभावाने. "दादा, हातात मावणाऱ्या गेमवर बाबांचे जुने टीव्हीवरचे खेळ चालतील का रे?" मामांच्या माळ्यावर १९९० च्या दशकातला एक 'व्हिडिओ गेम' आणि डबाभर कॅसेटी पडून आहेत. (कार्ट्रिज हा शब्द मी फार उशिरा ऐकला, आमच्याकडे ती कॅसेटच.) ते यंत्र म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉमची स्वस्त नक्कल. आपल्याकडे त्या काळी अशा नकलाच खपत. कॅसेटीवर '९९९९ खेळ' असे छापलेले असे आणि आत तेच मूठभर खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. हिशेबाच्या भाषेत याला फुगवलेला मालसाठा म्हणावे! आता ते यंत्र कायमचे मुके झाले आहे आणि पोराला मात्र वडिलांनी लहानपणी खेळलेला खेळ पाहायचा आहे.

उत्तर असे की, चालतील. पण काही अटींवर. त्या अटी समजण्यासाठी दुभाष्याचे काम डोळ्यांसमोर आणावे लागते.

प्रत्येक प्रोसेसरला आपली एकच भाषा कळते. फॅमिकॉमचा खेळ फॅमिकॉमच्या प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेला. निन्टेन्डोनेच २००१ साली गेम बॉय ॲडव्हान्स हे हातातले यंत्र काढले. त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा, त्याची भाषा अगदी वेगळी. या दोघांच्या मध्ये एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम बसतो. तो जुन्या खेळातली एक आज्ञा वाचतो, तिचा अर्थ लावतो, नव्या भाषेत ती पार पाडतो, जुन्या यंत्रात तिला किती वेळ लागला असता याची नोंद ठेवतो आणि मग पुढच्या आज्ञेकडे वळतो. मूळ यंत्राचे एक काम होते तिथे दुभाष्याची पाच-दहा कामे होतात. म्हणून पहिली अट बळाची. फॅमिकॉमचा प्रोसेसर सुमारे १.७९ मेगाहर्ट्झचा, गेम बॉय ॲडव्हान्सचा १६.७८ चा, म्हणजे नऊ पटींहून अधिक वेगवान. एवढ्या फरकावर हौशी लोकांनी पॉकेटनेस नावाचा एम्युलेटर त्यावर चालवून दाखवला. त्यातही चित्र रेखाटण्याचा भार त्यांनी यंत्राच्या मूळ सोयींवरच टाकला, कारण दोन्ही यंत्रे लहान लहान चौकोनी तुकडे जोडूनच चित्र उभे करतात. सारेच भाषांतर शब्दशः करावे लागले असते, तर नऊ पट बळही अपुरे पडते.

दुसरी अट नात्याची. सोनीचा पीएसपी २००४ साली आला आणि २००६ पासून त्यावर पहिल्या प्लेस्टेशनचे खेळ अधिकृतपणे खेळता येऊ लागले. प्लेस्टेशनचा प्रोसेसर ३३.८७ मेगाहर्ट्झचा, पीएसपीचा ३३३ पर्यंत जाणारा. वेग तर दहा पट होताच, शिवाय दोन्ही प्रोसेसर मिप्स या एकाच घराण्यातले. गोव्यात गेलेल्या मराठी माणसाला कोकणी समजायला फारसे कष्ट पडत नाहीत, तसेच हे.

तिसरा प्रकार तर आमच्या बेळगावकरांना समजावून सांगायलाच नको. गेम बॉय ॲडव्हान्सच्या पोटात जुन्या, १९८९ च्या गेम बॉयचा प्रोसेसरही ठेवलेला होता. जुनी कॅसेट घातली की तोच जागा होई. तिथे दुभाष्याची गरजच नाही. आमच्या शेजारी एक घर आहे. आजी माहेरची कानडी, नातवंडे मराठी शाळेतली. कानडी पाहुणा दारात आला की नातवंडे बाजूला होतात आणि आजी बोलू लागते. अगदी तसेच!

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने कायद्याचे विसरून चालणार नाही. दुभाषी ठेवणे हा गुन्हा नव्हे. दुसऱ्याचे पुस्तक परस्पर छापणे हा गुन्हा. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००० साली एम्युलेटर बनवणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलमही, कायदेशीरपणे जवळ असलेल्या प्रोग्रॅमची राखीव प्रत काढू देते. मामांच्या '९९९९ खेळां'ना मात्र या कलमाचा आधार सांगणे कठीण, कारण मूळ मालच नकली.

सुदैवाने सरळ मार्गही होता. निन्टेन्डोने २००४ साली फॅमिकॉमचे काही निवडक खेळ गेम बॉय ॲडव्हान्ससाठी पुन्हा विक्रीस काढले. त्या कॅसेटींतही आत एम्युलेटरच होता. माझ्या एका कन्नड माध्यमातल्या मित्राकडे त्यातली 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची कॅसेट आणि ते यंत्र निघाले. फॅमिकॉमचे चित्र २४० ओळींचे, गेम बॉय ॲडव्हान्सचा पडदा १६० ओळींचा. रुंदी मात्र जवळजवळ तेवढीच. मामांनी यंत्र हातात घेतले, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, "मारिओ जरा बुटका झालाय रे! पण उड्या त्याच आहेत." मग तासभर कुणालाच पाळी मिळाली नाही.

'बुटका, पण उड्या त्याच' यापेक्षा भाषांतराचे नेमके परीक्षण मी अजून वाचलेले नाही. पण बुटकेपणाही नको, जुन्या यंत्राचा प्रत्येक श्वास हुबेहूब हवा, असा हट्ट धरला तर? सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर ३.५८ मेगाहर्ट्झचा. त्याची तंतोतंत प्रतिकृती करणाऱ्या बीस्नेस या एम्युलेटरला २०११ च्या सुमारास ३ गिगाहर्ट्झचा संगणक लागत असे. म्हणजे आठशे पटींहून अधिक वेग! जुन्या यंत्रात चित्राचा, आवाजाचा आणि हिशेबाचा भाग एकाच वेळी आपापले काम करीत. दुभाष्याला एकट्याने प्रत्येक ठोक्याला तिघांची सोंगे वठवावी लागतात.

हा आकडा वाचला आणि मला पी.यू.सी.चे पहिले वर्ष आठवले. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठीत झाले. वडिलांच्या दुकानात कीर्द आणि खतावणी हे शब्द रोज कानांवर पडत. वर्गात सर 'लेजर' म्हणत, माझ्या डोक्यात खतावणी उघडे, उत्तर मराठीत तयार होई आणि इंग्रजीत उलथून तोंडापर्यंत येई, तोवर पुढच्या बाकावरच्या मुलाने ते सांगून टाकलेले असे. कचेरीच्या खिडकीवर हेच सारे कानडीत. घरी कुणी विचारले नाही, वर्गात कुणाला दिसले नाही; पण संध्याकाळी डोके का दुखते, ते मला आता मेगाहर्ट्झमध्ये सांगता येते. या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या मित्राचा अनुभवही हाच आहे. त्याच्या डोक्यात फक्त खतावणीच्या जागी त्याचा शब्द उघडतो.

मंद यंत्राला दुभाष्याचे काम झेपतच नाही, हे या जुन्या खेळांनी मला शिकवले. तेव्हा प्राध्यापकांना एक नम्र विनंती. तुम्ही प्रश्न विचारल्यावर मराठी किंवा कन्नड शाळेतून आलेला एखादा विद्यार्थी दोन क्षण गप्प राहिला, तर लगेच पुढच्या बाकाकडे वळू नका. उत्तर येत असते. वाट जरा लांबची असते, इतकेच.