छाटलेला शेवट

खोटा फोटो कसा ओळखायचा, हे आता शाळकरी पोरंही सांगतात. सावली चुकलीय का बघा, हाताला सहा बोटं आहेत का मोजा. म्हणजे बाहेरून घुसवलेलं काही सापडतंय का ते शोधा. पण जे काढूनच टाकलंय ते कुठे शोधायचं?

२०१८ साली फोनाफोनांवर फिरलेली एक क्लिप अनेकांना आठवत असेल. गल्लीत मुलं खेळतायत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. सोबत मजकूर : मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आलीय. ही क्लिप मुळात कराचीची. तिथल्या ‘रोशनी हेल्पलाइन’ या संस्थेने पालकांना जागं करायला ती मुद्दाम चित्रित केली होती. मूळ फितीत ते दोघे लगेच परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि मूल पळवायला एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा फलक उघडून दाखवतात. कुणीतरी तेवढाच शेवट छाटला. उरलेली चौकट न् चौकट अस्सल.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार भरला होता. टोळीच्या अफवा त्या भागातही पोचल्या होत्या. मंगळवेढ्याकडचे पाच डवरी गोसावी, गावोगाव भिक्षा मागणारे, तिथे आले. त्यांच्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलायला गेला, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. जमावाने पाचही जणांना ठेचून मारलं. एरवी परक्या माणसाने पोरीला नाव विचारलं, तर कुणी वळूनही पाहिलं नसतं. त्या दिवशी तोच पुरावा ठरला.

शिवाय टोळीचा असा निरोप फोनवर येतो कुणाकडून? मामाकडून, शेजारच्या वहिनींकडून. ‘पोरांना जपा’ म्हणणाऱ्याला ‘हे कशावरून?’ असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं. त्यात भीती पोरांच्या जिवाची. तिथे शंका काढत बसणारा बापच लोकांना विचित्र वाटेल.

त्याच जुलैत व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या निरोपांवर खूण लावली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा जाहीर केली. मर्यादेने वेग कमी झाला असेल. खुणेने मात्र निरोप दुसऱ्याचा आहे एवढंच कळतं. वाटेत त्यातलं काय गळलं, हे कंपनीलाही वाचता येत नाही, कारण मजकूर कुलूपबंद असतो. ते कुलूप काढावं, असंही मला वाटत नाही. माझ्या घरातलं बोलणंही त्याच्याच आड आहे.